एकेचाळीस अंश

एकेचाळीसनंतर बेचाळीस यायला हवे होते, ते आलेच नाहीत. एकदम त्र्याण्णव आले. पॅनेलसमोर स्टूल ओढून तो सकाळी नवापासून बसला होता, आता सव्वाअकरा होत आले होते, आणि मधली जवळजवळ वीस मिनिटं पडद्यावरचा आकडा शहाण्या पोरासारखा जागच्या जागी बसून होता. पडदा विझला नव्हता. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा सेकंद मोजत होतं. फक्त टाकीचं तापमान एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस. मग पत्र्याच्या भिंतीपलीकडची घरघर थांबली आणि त्याच क्षणी आकड्याने उडी मारली, मधले एक्कावन्न आकडे जणू या जगात कधी नव्हतेच. रंगखात्यात वाफ नेहमीसारखीच तरंगत होती, ओल्या कापडाचा आणि सोड्याचा तोच उग्र वास होता, शेजारच्या टाकीवर कुणीतरी शीळ घालत होतं. एवढ्या मोठ्या शेडमध्ये काहीतरी घडलं आहे हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि त्याच्या मागे कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईंना.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "मी तेच सांगत होते, झोपतं हे. डोळे मिटून झोपलं असतं तर कळलं तरी असतं. हे उघड्या डोळ्यांनी झोपतं."

बाई पन्नाशीच्या होत्या. गेले आठ महिने ही टाकी त्या चालवत होत्या आणि पहिल्या दिवसापासून त्यांचा पॅनेलवर विश्वास नव्हता. टाकीच्या पोटावर एक जुनं काट्याचं थर्मामीटर होतं, काच रंगाने इतकी काळी पडलेली की तिथे काही आहे हेच सगळे विसरून गेले होते. बाईंनी ती काच पातीने खरवडून लख्ख केली होती. काटा एक सांगतो आणि पडदा दुसरंच सांगतो असं दिसलं की त्या एका वहीत तारीख आणि वेळ लिहीत, आणि पुढे दोन शब्द: 'पलीकडे आवाज'. आठ महिन्यांत एकवीस नोंदी. एकवीस वेळा तेच दोन शब्द. ती वही त्यांनी सकाळी त्याच्या हातात ठेवली तेव्हा त्याला आधी हसू आलं होतं. अशा वह्या त्याने खूप पाहिल्या होत्या. लोकांना वाटतं आकाशात ढग आले म्हणून यंत्र बिघडलं. पण पलीकडच्या वाळवणखात्यातला मोठा पंखा आठवड्यातून कसाबसा एकदा, जाड कापड आलं तरच लागतो, हे त्याने विचारून घेतलं, मुद्दाम लावायला सांगितला, आणि पंखा चालू होता तोवर आकडा हलला नाही, पंखा थांबला आणि आकडा जागा झाला. हसू केव्हाच विरलं होतं.

पुढचं काम त्याच्या हातांना पाठ होतं. शिडी लावून तो वर चढला, छताखालच्या पत्र्याच्या ट्रेमधून पॅनेलची केबल बोटांनी चाचपत गेला. कंट्रोलर एका टोकाला, पॅनेल दुसऱ्या टोकाला, मध्ये तीस-बत्तीस मीटर केबल. कंट्रोलर टाकी चालवतो, पॅनेल माणसांना सांगतो की टाकी काय करते आहे. भिंतीजवळ ट्रे वळत होता, आणि त्या वळणावर पंख्याची मनगटाएवढी जाड केबल कुणीतरी नंतर आणून याच ट्रेमध्ये टाकली होती, अगदी पॅनेलच्या केबलच्या अंगावर. पत्र्याच्या धारेवर घासून पॅनेलच्या केबलची साल गेली होती, आतली तारांची जाळी फाटून बाहेर आली होती. पंखा सुरू झाला की त्याच्या विजेचा गोंगाट या बारक्या तारांत शिरणार आणि कंट्रोलरचं बोलणं पॅनेलला ऐकूच येणार नाही. एरवी दोष सापडला की त्याला भूक लागायची. हा त्याचा जुना विनोद होता, बायकोला फोन करून तो म्हणायचा, "सापडला, वाढ पान." आज शिडीवर उभं राहून ती फाटकी जाळी दोन बोटांत धरली असताना त्याने फोन काढला नाही. कारण केबलमुळे एवढंच कळत होतं की पॅनेलला ऐकू का येत नव्हतं. ऐकू येत नाहीये हे पॅनेलने सांगायला हवं होतं. संपर्क तुटला की तीन सेकंदांत पडद्यावर आडवी लाल पट्टी यायला हवी, आकड्याच्या जागी नुसत्या रेघा यायला हव्यात. कंपनीतून पॅनेल तसंच येतं. ही पट्टी का आली नाही हे शोधायला त्याला शिडीची गरज नव्हती.

तरीही तो खाली उतरला, लॅपटॉप जोडला, आणि ते पान उघडलं. संपर्क तुटल्याची सूचना किती सेकंदांनी द्यावी, असा एक रकाना होता आणि त्यात शून्य होतं. शून्य म्हणजे लगेच, असं कुणालाही वाटेल. शून्य म्हणजे कधीच नाही.

ते शून्य सहा वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा हा कारखाना नवा होता, फरशी कोरडी होती, आणि तो पॅनेल बसवायला आठ दिवस इथे येत होता. शेवटच्या दिवशी सगळं झालं होतं, फक्त ती लाल पट्टी अधूनमधून चमकायची, दोन सेकंद यायची आणि जायची. कुठेतरी एखादा जोड सैल असणार. शोधायला चार तास, फार तर दिवस. मॅनेजर त्याच्या डोक्यावर उभा होता. उद्या मालक येणार, लाल पट्टी बघून माणसं बिचकतात, तेवढं काहीतरी कर आणि मोकळा हो. तेवढ्यात त्याच्या घरून फोन आला होता, बायकोला कळा सुरू झाल्या, तिची आई तिला घेऊन दवाखान्यात निघाली. फोन त्याने खिशात ठेवला आणि त्याच हाताने त्याने तीनचं शून्य केलं. पुढच्या आठवड्यात येऊन जोड बघू असं तो मनाशी म्हणाला होता, हे त्याला स्पष्ट आठवतं. पुढचा आठवडा कसा गेला हे मात्र आठवत नाही, बाळाचे कपडे, औषधं, झोप नाही. त्या दिवशी रिक्षा मिळत नव्हती, तेव्हा रंगखात्याचे मास्तर आपणहून म्हणाले होते, "चला साहेब, मी सोडतो," आणि ओल्या, निळ्या पडलेल्या हातांनी त्यांनी स्कूटर काढली होती. मागे बसून त्याने मास्तरांच्या शर्टाची पाठ मुठीत धरली होती. तो वेळेत पोचला. मुलगी झाली. आता ती सहा वर्षांची आहे, आणि तिच्या प्रत्येक वाढदिवसाला तो पाहुण्यांना हीच गोष्ट सांगत आला आहे, की रंगाच्या कारखान्यातून एक माणूस मला स्कूटरवर घालून कसा घेऊन गेला, माझ्या पांढऱ्या शर्टावर निळे हात कसे उमटले. पाहुणे हसतात. गोष्टीत ते शून्य नसतं. ते त्याने लपवलं होतं असंही नाही; गोष्टीत त्याला जागाच नव्हती.

आणि मग नऊ महिन्यांपूर्वीची ती सकाळ. मास्तर पॅनेलपाशी उभे होते आणि त्यांचे साडू, म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, टाकीवर. दोघे एकाच पाळीला, एकाच टाकीवर, पाच वर्षं. कापडाचा नमुना काढायचा होता. मास्तर खालून ओरडले, "एकेचाळीस आहे, उघड," आणि साडूंनी नमुन्याचं झाकण उघडलं. आत त्र्याण्णव असेल, पंचाण्णव असेल. ते कुणी मोजलं नाही. कढत पाणी अंगावर आलं, साडू अकरा दिवस जगले. मास्तर सांगत राहिले की पडद्यावर एकेचाळीसच होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि म्हणून पॅनेलच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं, पॅनेल तपासायला. चार तास तो याच स्टुलावर बसला होता. चौकशी चालू असल्यामुळे पलीकडचं खातं बंद होतं, पंखा बंद होता, आकडे पाण्यासारखे वाहत होते. त्याने लिहिलं: 'दोष आढळला नाही.' ते खरं होतं. प्रत्येक अक्षर खरं होतं. केबलची दोन्ही टोकं त्याने तपासली, पॅनेल बदलून पाहिलं, सगळी पानं एकेक करून उघडली, आणि ते एक पान उघडलं नाही. विसरला म्हणून नाही. पानांच्या यादीवरून बोट खाली येत होतं, त्या नावापाशी ते क्षणभर थबकलं आणि पुढे गेलं. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं? काहीच नव्हतं, असं तो नऊ महिने स्वतःला सांगत होता. पण बोट थबकलं होतं. रात्री जेवताना, मुलीची वेणी घालताना, दात घासताना ते थबकणं त्याला मध्येच जाणवायचं, पायरी चुकल्यासारखं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "सापडलं का नाही?"

"सापडलं," तो म्हणाला.

"मग असा चेहरा का? पॅनेलसारखा?"

त्याने रकान्यात पुन्हा तीन लिहिलं, केबल बदलली, वेगळ्या मार्गाने नेली, पंखा लावून पाहिला. आकडा एकेक पायरी उतरत होता, नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. मुद्दाम केबल उपटली. तीन सेकंदांत लाल पट्टी आली. बाईंनी मान हलवली आणि वही बंद केली. मग जरा वेळाने, पडद्याकडेच बघत, त्या म्हणाल्या, "म्हणजे मास्तर खरं बोलत होते."

त्याने लॅपटॉप मिटून बॅगेत घातला आणि मॅनेजरच्या खोलीकडे निघाला.

मॅनेजर तोच होता, केस पिकलेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पंख्याच्या केबलपर्यंत मान डोलावली, आणि शून्यापाशी आल्यावर खुर्चीत मागे रेलला. "हे बघा," तो म्हणाला, "ती चौकशी मिटली. माणूस परत येणार आहे का? केबल बदलली, एवढं लिहा. ते खरंच आहे ना? खोटं लिहा असं मी म्हणतच नाही." खोलीत पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदांचे कोपरे उठत होते आणि बसत होते. अडचण हीच होती की मॅनेजर खरोखर खोटं लिहायला सांगत नव्हता. त्याने आपल्या बॅगेतून रिपोर्टचं पॅड काढलं, 'केबल बदलली' लिहिलं, आणि खालच्या 'कारण' या रकान्याशी पेन तसंच धरून ठेवलं. मॅनेजर वाट बघत होता. "उद्या देतो," तो म्हणाला आणि पॅड बॅगेत घालून बाहेर पडला. फाटकाशी बाई डबा धुवून परत येत होत्या. मास्तर कुठे असतात हे त्याने विचारलं तेव्हा त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मग पत्ता सांगितला. मोठा रस्ता ओलांडून तिसरी गल्ली, खालच्या मजल्यावर इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, पुढची खोली.

चालताना तो मनात वाक्यं जुळवत होता. केबल खराब झाली होती. यंत्रातला दोष निघाला. तुमचं म्हणणं बरोबर होतं. सगळ्या वाक्यांत केबल होती, यंत्र होतं, मास्तर होते. तो स्वतः एकाही वाक्यात नव्हता. गल्लीत उन्हाने पत्रे तापले होते. एका खिडकीत कुणीतरी उशा वाळत टाकल्या होत्या. त्याला वाटलं, परत फिरावं, फोन करावा, पत्र लिहावं. आणि तेवढ्यात तो दुकानासमोर उभा होता. मास्तरांनी मान वर केली. हातांचा निळा रंग पार गेला होता, ते हात आता कुणाचेही असू शकले असते.

"या साहेब," मास्तर म्हणाले, जणू तो रोजच येत होता. "बसा. त्या चादरी बाजूला करा."

तो बसला. मास्तरांच्या बायकोने आतून पाण्याचा पेला आणून ठेवला, ओळख न दाखवता परत गेली. त्याने वाक्यं ठरवली होती त्याच क्रमाने म्हटली. केबल. पंखा. मास्तर इस्त्री फिरवत ऐकत होते, एका बाहीवरून दुसऱ्या बाहीवर, घाई न करता.

"म्हणजे एकेचाळीस होतं," ते शेवटी म्हणाले.

"होतं. शंभर टक्के होतं."

"हं." त्यांनी शर्टाची घडी घातली. "आणि लाल पट्टी?"

त्याने पाण्याचा पेला उचलला.

"सुरुवातीला यायची ना एक लाल पट्टी. मी शेजारीच उभा होतो, तुम्ही ती बंद केलीत तेव्हा. तुमच्या घरून फोन आला होता." मास्तरांच्या आवाजात आरोप नव्हता, हिशेब जुळवावा तसा नव्हे, एखादी जुनी ओळख पटवून द्यावी तसा तो आवाज होता. "मी चौकशीत सांगितलं ते. म्हणाले, तुम्ही आकडे वाचता, यंत्रातलं तुम्हाला काय कळतं. मग कळलं की तपासायला तुम्हीच येणार. त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा होतो, चार तास. बायकोला म्हटलं, आता काळजी नको, ज्याला माहीत आहे तोच माणूस आलाय."

"मास्तर—"

"मग तुम्ही लिहिलंत, दोष नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की माझंच काही चुकलं असेल. तुम्ही कशाला खोटं लिहाल? एवढा शिकलेला माणूस." त्यांनी पुढचा शर्ट पसरला, पाणी शिंपडलं. "मेहुणी जेवत नव्हती. दोन महिने. मुलांकडे बघत नव्हती. सारखं एकच, कुणीतरी सांगा ना काय झालं. मी एकेचाळीस म्हटलं की ती भिंतीवर डोकं आपटायची. मग एक दिवस मी म्हटलं, मी बघितलंच नव्हतं. नुसतंच ओरडलो, उघड म्हणून. त्या दिवशी ती मला वाटेल ते बोलली, आणि रात्री जेवली." इस्त्री कापडावर थांबली, वाफ उठली. "आता माझंही तसंच झालंय. आधी डोळे मिटले की तो आकडा दिसायचा. आता दिसत नाही. म्हणजे बघितला होता की नव्हता, देवालाच ठाऊक."

"बघितला होता," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"ते मला सांगून काय उपयोग?" मास्तर म्हणाले. "चार वाजता ती कामावरून येते. वरच राहते, पण मुलं दिवसभर मावशीपाशी इथे असतात, घ्यायला येते. थांबा. तिला सांगा."

साडेतीन वाजले होते. अर्धा तास तो चादरींच्या ढिगाशेजारी बसून राहिला. उठून जाणं अगदी सोपं होतं, दार उघडंच होतं, मास्तरांनी अडवलं नसतं. आत दोन मुलं कशावरून तरी भांडत होती, मोठ्याचा आवाज फुटायला लागलेला, धाकटीचा चिरका. त्याने रिपोर्टचं पॅड बाहेर काढलं, परत आत ठेवलं. उद्या घरी काय सांगायचं, हा विचार आला आणि गेला. त्याला वाटलं होतं भीती वाटेल. पण ती भीती नव्हती, एक प्रकारचा बधिरपणा होता, आणि त्याच्या तळाशी एक लाजिरवाणी आशा की ती ओरडेल, अंगावर धावून येईल, आणि मग ते एकदाचं होऊन जाईल.

ती आली. चाळिशीच्या आतली, बारीक, खांद्याला पिशवी. चप्पल काढताना तिने त्याच्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं नाही. मास्तर इस्त्रीकडे बघत म्हणाले, "हे कारखान्यातून आलेत. तुझ्याशी बोलायचंय."

तो उभा राहिला. केबलपासून सुरुवात करणार होता, तोंडात तोच शब्द आला होता. तो त्याने गिळला. "त्या दिवशी पडद्यावर एकेचाळीसच होतं," तो म्हणाला. "पडदा चुकीचं सांगत होता, आणि तो चुकतोय हे कळायची सोय मी बंद करून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी. घरी जायची घाई होती म्हणून. नंतर मी तपासायला आलो तेव्हा ते मी उघडून बघितलं नाही."

"विसरलात?"

"नाही."

ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून उभी होती. मग तिने मान वळवली. "दाजी," ती म्हणाली, आणि मास्तरांचा हात जागीच थांबला. "मग तुम्ही का म्हणालात, बघितलं नव्हतं म्हणून?"

"तू जेवत नव्हतीस."

"म्हणून काय वाटेल ते बोलायचं?" तिचा आवाज चिरला. "सात महिने मी तुमचं तोंड बघितलं नाही. मुलांना सांगितलं, या माणसामुळे तुमचा बाप गेला. रोज सांगितलं. आता काय सांगू त्यांना?"

कापड जळल्याचा वास आला तेव्हा मास्तरांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग पडला होता. त्या डागाकडे तिघेही बघत राहिले.

मग ती त्याच्याकडे वळली. तो वाट बघत होता. ती त्याचा चेहरा शोधल्यासारखी बघत होती, कपाळ, चष्मा, शर्टाच्या खिशातलं पेन, आणि तिला तिथे काही सापडत नव्हतं. "तुमचा राग यायला हवा," ती म्हणाली. "येत नाहीये. होता नव्हता तेवढा यांच्यावर काढून झाला. तुम्हाला तर मी ओळखतसुद्धा नाही." ती खाली बसली. "लिहून द्या. आत्ता सांगितलंत तसंच."

त्याने पॅड काढलं. इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, गरम कापडाशेजारी, त्याने 'कारण' या रकान्यात लिहिलं, रकाना पुरला नाही तेव्हा समासात लिहिलं, खाली नाव आणि सही केली. वरची प्रत तिला दिली, कार्बनची प्रत बॅगेत ठेवली. ती प्रत दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत दिली. त्यानंतर चौकशी पुन्हा उघडली, त्याची नोकरी गेली, वकील आले, मुलीच्या शाळेत पालक कुजबुजले, पण ते सगळं पुढचं. या क्षणी ती कागद डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचत होती.

"अक्षर चांगलंय तुमचं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घातली. "जाताना दार ओढून घ्या."

त्याने दार ओढून घेतलं. पायरीवर बसून तो चपलांची बक्कलं लावू लागला. आत तिने मुलांना हाक मारली, आधी मोठ्याला, मग धाकटीला. भांडण थांबलं, पावलं बाहेरच्या खोलीत आली.

"बसा इथे, एक सांगायचंय," ती म्हणत होती. "नाही, माझ्याजवळ नको. काकांजवळ बसा."